इथं रंग तुटलाय

शेडबाई एके दिवशी एका पायात तपकिरी आणि दुसऱ्या पायात काळी चप्पल घालून बँकेत जाऊन आल्या, आणि तिथून सगळी भानगड सुरू झाली.

दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालं असतं तर लोक हसून मोकळे झाले असते. पण बाईंची गोष्ट निराळी. त्यांनी उभी हयात रंगाच्या दुकानात रंग जुळवण्यात घालवली होती. शेडबाई हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनीच दिलेलं. कुणी शर्टाचं बटण घेऊन येई, कुणी फुटक्या फरशीचा तुकडा, कुणी जुन्या भिंतीचा उचकटून आणलेला पोपडा, आणि म्हणे, बाई, अगदी अस्साच पाहिजे. बाई तो तुकडा दारातल्या उजेडात धरत, डब्यात थोडं हे, चिमूटभर ते घालून ढवळत, पुठ्ठ्यावर बोट ओढत आणि वाळेपर्यंत थांबत. ओला रंग थापा मारतो, असं त्यांचं म्हणणं होतं. वाळल्यावर तो खरं बोलतो.

दुकानात बाईंनी एका शब्दावर बंदी घातली होती. तो शब्द म्हणजे 'चालेल'. चालेल म्हणणारं गिऱ्हाईक भिंत रंगवून झाली की डबा घेऊन परत येतं आणि डोकं खातं, हा त्यांचा अनुभव. त्यापेक्षा तोंडावर 'नाही जुळला' म्हणणारा बरा. त्याच्यासाठी त्या परत डबा ढवळायला एका पायावर तयार असत.

तर अशा बाईंच्या पायात दोन रंगांच्या चपला. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या पार्लरवालीनं ते पाहिलं आणि बाईंच्या मुलाच्या कानावर घातलं. मुलगा पुलांची तपासणी करायचा. कुठल्या खांबाला तडा गेलाय, कुठला लोखंडी पट्टा गंजलाय, हे शोधायचा त्याला पगार मिळे. त्यानं आईतही तडा शोधला आणि दुसऱ्याच दिवशी हजर झाला.

"आई, आता तू एकटी राहायचं नाहीस. आमच्याकडे चल."

"दोन चपलांपायी घर सोडू?"

"चपलांचं नाही गं. तुझे डोळे."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" बाई कडाडल्या. "लोकांच्या चार पिढ्यांच्या भिंती जुळवल्यात मी. थांब, तुला रंगीत ब्लँकेटच विणून दाखवते. एक जरी रंग चुकला तर सामान बांधीन आणि मुकाट्यानं तुझ्या मागून येईन. नाही चुकला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मुलगा हो म्हणाला. आईपुढे त्याचं कधी काही चाललं नव्हतंच.

आता खरं काय ते सांगायला हवं. बाईंच्या डोळ्यांना धाड भरली होती. डॉक्टरांकडे त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या. डोळ्याचा मधला भाग झिजतोय, डॉक्टर म्हणाले होते, कडेचं दिसत राहील, मधलं पुसट होत जाईल, रंगही ओळखू येईनासे होतील, आणि हे चष्म्यानं भागणारं काम नाही. जिकडे बघावं तिथं नेमका मधोमध एक डाग, ओल्या रंगावर कुणी अंगठा फिरवल्यासारखा. हिरवा, तपकिरी, लाल सगळे एका डब्यात ओतून ढवळल्यासारखे. बाईंनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. पार्लरवालीला नाही, मुलाला नाही, आणि सुनेला तर मुळीच नाही.

सुनेचं आणि त्यांचं एका भिंतीवरून बिनसलं होतं. मुलानं घर घेतलं तेव्हा बाईंनी बैठकीसाठी स्वतःच्या हातानं एक दुधाळ जांभळा रंग बनवून दिला. दोन दिवस खपून बनवला. सून गाडी शिकवायची. शेजारच्या सीटवर बसून, दुसऱ्याचा पाय ब्रेकवर जायच्या आत स्वतःचा दाबायची जिला सवय, ती बोलायला कशाला थांबते? भिंतीकडे बघून ती म्हणाली, "मला नाही आवडला, आई." आणि महिन्याभरात तिनं भिंत पांढरी करून घेतली. तेव्हापासून बाई त्या घरी दोन तासांच्या वर टेकल्या नव्हत्या. त्याच घरात कायमचं राहायला जायचं, म्हणजे उरलेलं आयुष्य त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत काढायचं. बघत म्हणजे आपलं म्हणायचं तसं.

म्हणून बाईंनी एक डाव टाकला. लोकरीच्या दुकानात जाऊन त्या म्हणाल्या, "काहीतरी सोपं सांग बाई. पण रंग मात्र भरपूर हवेत."

"मग ही लोकर घ्या, काकू," दुकानातली मुलगी म्हणाली. "हिचा रंग आपला आपण बदलत जातो. तुम्ही नुसतं विणत राहायचं. बाटलीच्या हिरव्यापासून सुरू होते, मग शेवाळी, मग बदामी, शेवटी विटकरी. कुठं बदलला ते कळतसुद्धा नाही."

बाईंना मनातल्या मनात हसू फुटलं. रंग आपले आपण बदलणार, आणि श्रेय आपल्याला मिळणार.

"दोन मोठे गुंडे लागतील," मुलगी पुढे म्हणाली. "फक्त एक करा. पहिला गुंडा पोटातून ओढा आणि दुसरा बाहेरून. म्हणजे पहिला विटकरीवर संपला की दुसरा विटकरीनंच सुरू होईल आणि उलटा हिरव्याकडे जाईल. जोड दिसणार नाही."

क्रोशाचा टाकाही त्यांनी हाताला कळेल असाच निवडला. एक आखूड, एक लांब, परत एक आखूड, एक लांब. पुढच्या ओळीत आखुडाच्या डोक्यावर लांब आणि लांबाच्या डोक्यावर आखूड. एवढंच. त्यानं सगळं विणकाम दाणेदार, उबदार होई, आणि मुख्य म्हणजे बोटाला नेमकं सांगे की आता कुठला टाका घालायचा. ओळीचा शेवटचा टाका नवशिक्यांच्या हातून निसटतो आणि ब्लँकेट एका बाजूनं निमुळतं होत जातं. तसं होऊ नये म्हणून बाई प्रत्येक ओळीच्या टोकाला एक पिन अडकवायच्या आणि परत येताना ती चाचपायच्या. कडा अशा सरळ येत होत्या की कुणी पट्टी लावून मापाव्यात.

खिडकीजवळची खुर्ची, मांडीवर ऊब, रेडिओ सुरू. खरं सांगायचं तर बाई त्या दिवसांत सुखात होत्या. डोळे शाबूत दाखवायला म्हणून सुरू केलेलं काम हळूहळू बघायची गरजच नसलेलं काम झालं, आणि त्यांना वाटलं, म्हणजे अजून आपण पुरत्या निकामी झालो नाही.

पहिला गुंडा संपला. बाईंनी दुसरा हातात घेतला आणि बाहेरचं टोक चाचपायला लागल्या. टोक सापडेना. वरून फिरवलं, खालून फिरवलं, नाहीच. मग बोट गुंड्याच्या पोटात गेलं, तर तिथं दोन टोकं. कारखान्यात बाहेरचं टोक लोंबू नये म्हणून पोटातच खोचून देतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे या दोनांतलं एक पोटातलं आणि एक बाहेरचं. डोळे धड असलेल्या माणसानं एका नजरेत सांगितलं असतं, हा हिरवा, हा विटकरी. बाईंनी दोन्ही टोकं खिडकीशी धरली, मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं बघितली. दोन्ही सारखीच मळकट दिसली. खाली जाऊन पार्लरवालीला विचारायचं तर सगळ्या डावावर पाणी. त्यांनी त्यातलं एक ओढलं, ते सरळ सुटत आलं.

"हेच असणार," त्या स्वतःशी म्हणाल्या. "चालेल."

गाठ मारली, गुंडा पिशवीत टाकला. टेबलावर असता तर बाहेरून सुटत गडगडतोय का पोटातून सुटत जागच्या जागी बसलाय यावरून कदाचित कळलं असतं. पिशवीत तेही कळायला मार्ग राहिला नाही.

काही दिवसांनी पार्लरवाली केस कापायला म्हणून वर आली. बाईंचे केस ती घरीच कापून द्यायची. मांडीवरचं काम बघून ती बोलता बोलता मध्येच थांबली. कात्री हवेतच राहिली.

"काय गं?"

"अय्या, काही नाही! किती गोड झालंय, बाई! रंग तर काय सुंदर घेतलेत!"

ती थांबली ती कौतुकानं, असं बाईंना वाटलं. त्यांनी तिच्याकडूनच फोटो काढून मुलाला पाठवायला लावला. संध्याकाळी त्याचा फोन आला. तोही जरा थांबला, मग म्हणाला, "मस्त झालंय, आई."

"मग? आहेत ना डोळे शाबूत?"

"आहेत गं."

बाई गालातल्या गालात हसल्या. तपासणीस साहेबांना गुंडाळलं म्हणून त्या रात्रीचं जेवण दोन घास जास्तच गेलं.

ब्लँकेट पुरं झालं आणि रविवारी दुपारी मुलगा आणि सून आले. पार्लरवालीही वर आली. बाईंनी कोचावर ब्लँकेट पसरलं, सुरकुत्या हातानं सारख्या केल्या आणि परीक्षेचा पेपर तपासायला दिल्यासारख्या बाजूला उभ्या राहिल्या.

"बाई, तुमच्या हाताला तोड नाही हो," पार्लरवालीनं साखर पेरली.

"छानच," मुलगा म्हणाला. "खरंच छान, आई."

सून कोचाशी वाकली, ब्लँकेटवरून हात फिरवला, कड उचलून बघितली. मग म्हणाली, "विणलंय फार सुरेख. पण इथं रंग तुटलाय."



"अगं, काय हे," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

"काय म्हणजे? तुटलाय तर तुटलाय."

"कुठं?" बाईंनी विचारलं. त्या पुढे झाल्या आणि त्यांची बोटं ब्लँकेटवरून फिरू लागली. आखूड, लांब, आखूड, लांब. वर गेली, खाली आली. कुठं काही लागेना. टाका सगळीकडे सारखा, एका मापाचा. इतकं मन लावून विणलेल्या कामात चूक बोटांना सापडणार कशी? "कुठं गं?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

सुनेनं त्यांचं मनगट धरलं. एखाद्याचा हात स्टिअरिंगवर नीट ठेवावा तसं त्यांचं बोट उचलून एका ओळीवर ठेवलं. "ही ओळ. हिच्या खाली विटकरी आहे. वर एकदम बाटलीचा हिरवा. मधोमध सरळ रेघ पडलीय, या कडेपासून त्या कडेपर्यंत."

बाई त्या ओळीवर बोट ठेवून तशाच राहिल्या. मग पार्लरवालीच्या दिशेनं वळून म्हणाल्या, "तुला दिसलं होतं?"

"बाई, मला वाटलं, डिझाइनच असेल तसं..."

"कात्री थांबली होती तुझी."

पार्लरमध्ये गिऱ्हाईक येणार आहे असं काहीतरी पुटपुटत ती जिना उतरून गेली.

"आणि तुला?" बाई मुलाला म्हणाल्या. "फोटोत?"

"दिसलं होतं."

"आणि तू मस्त म्हणालास."

"तू आनंदात होतीस, आई. म्हटलं, पुरं तरी होऊ दे. त्यातून काय फरक पडणार होता?"

"यानं मागची खोली रिकामी करून ठेवलीय," सून म्हणाली. "फोटो आला त्याच आठवड्यात."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. हरल्याचं दुःख नव्हतं. डाव त्यांनीच टाकला होता आणि त्याच लबाड होत्या, हे त्यांना कबूल होतं. पण इतके दिवस आपण या खुर्चीत बसून सगळ्यांना फसवतोय असं वाटत होतं, आणि इकडे सगळे मिळून आपल्यालाच लहान पोरासारखं खेळवत होते. पुलाला तडा दिसला तर हा त्याच दिवशी वाहतूक बंद करतो. आईला तडा दिसला तर मस्त म्हणतो आणि खोली झाडून ठेवतो. डोळे गेल्याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं. आपल्याला आता कुणी खरं सांगणार नाही, हे लागलं.

त्या कोचाच्या कडेवर बसल्या. "बस," मुलाला म्हणाल्या. तो समोर बसला. "डॉक्टरांकडे जाऊन आलेय मी. डोळ्याचं मधलं जातंय, परत येणार नाही. आत्ता तू समोर बसलायस ना, तुझे कान दिसतात मला. शर्टाची कॉलर दिसते. तोंड नाही दिसत. बरेच दिवस झाले, तुझं तोंड बघितलेलं नाही मी."

मुलगा पुढे सरकला.

"शब्द दिला होता," बाई म्हणाल्या. "रंग चुकलाय. सामान बांधते."

"नका बांधू," सून म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळली.

"मला बोलायचंय यात. आई, आमच्या घरात तुम्हाला चमचा कुठं असतो तेसुद्धा माहीत नाही. दिवसभर आम्ही दोघं बाहेर. तुम्ही तिथं एका खोलीत बसून राहाल आणि पाण्याच्या पेल्यासाठी आमची वाट बघाल. इथं तुम्हाला सगळं हातानं पाठ आहे. आल्यापासून बघतेय, कप घेतलात, रेडिओ लावलात, कडी काढलीत, कुठंही चाचपडला नाहीत. घर सोडायची गरज नाही अजून."

बाईंच्या छातीवरचं ओझं हललं. पण सून अजून थांबली नव्हती.

"रस्ता मात्र एकटीनं ओलांडायचा नाही. तो बंद. मी रोज रस्त्यावर असते, मला माहीत आहे गाड्या कशा येतात. बँक, बाजार, दवाखाना, मला फोन करायचा, मी गाडी घेऊन येईन. आणि कधी इथंही जमेनासं झालं, तर ते मी सांगेन. तेव्हा भांडायचं नाही."

"तू सांगशील," बाई म्हणाल्या.

"मीच सांगेन. हा नाही सांगणार."

रस्ता बंद, हे बाईंना झोंबलं. रोज सकाळी चौकापर्यंत जाऊन यायचं, भाजीवाल्याशी घासाघीस करायची, हे गेलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी येऊ दिलं. पण गंमत अशी की त्याच वेळी त्यांना त्या दुधाळ जांभळ्या भिंतीची आठवण झाली. इतकी वर्षं ज्या वाक्यावरून त्या रुसून बसल्या होत्या, ते दुकानात कुणी म्हटलं असतं तर त्यांनी आनंदानं दुसरा डबा उघडला असता. नाही आवडला, एवढंच तर म्हणाली होती. वाळलेल्या रंगासारखं बोलली होती.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "वेळ आहे का तुला? हे उसवायचंय."

"सगळं?"

"त्या ओळीपर्यंत. चुकलेलं ब्लँकेट मी घरात ठेवणार नाही."

मुलगा चहा करायला स्वयंपाकघरात गेला. सून जमिनीवर फतकल मारून बसली आणि बाईंनी शेवटची गाठ सोडून लोकर तिच्या हातात दिली. सरसर आवाज करत ओळी सुटू लागल्या, इतक्या दिवसांचं काम बघता बघता मोकळं झालं, आणि सून ते गुंडाळत गेली. त्या ओळीशी आल्यावर ती गडबडली.

"आता बाहेरचं टोक घ्यायचं ना?"

"नाही गं. वरच्या टोकाला विटकरी होता, तो आधी सुटला, म्हणजे गुंड्याच्या पोटात गेला. आता पोटातलंच घ्यायचं." बाईंनी हात पुढे केला. "पण तू बघून सांग. मी ओळखायची नाही."

सुनेनं पोटातलं टोक काढून उजेडात धरलं. "विटकरी. खाली संपलाय तसाच. थोडा फिका वाटतोय, पण जुळतोय."

"फिका म्हणजे? चालेल म्हणू नकोस."

"तसं नाही, जुळतोय. चार टाक्यांत एकजीव होईल."

बाईंनी गाठ मारली आणि सुई हातात घेतली. आखूड, लांब, आखूड, लांब. मुलगा कप घेऊन बाहेर आला, एक आईच्या हाताशी ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसला. बाईंनी मान वर केली. तिथं एक डाग होता, डागाच्या दोन्ही बाजूंना कान, आणि खाली कॉलर.

"सूनबाई, तो कसा दिसतो गं आता?" त्यांनी विचारलं. "नीट बघून सांग."

सून नवऱ्याकडे वळून बसली आणि लोकरीचं टोक बघितलं तसंच तिनं त्याला निरखून बघितलं.

"कानांवरचे केस पिकलेत. डोळ्यांखाली काळं झालंय, झोप कमी पडते. गाल तुमच्यासारखेच आहेत, वर उचललेले. आज दाढी केलेली नाही." ती जरा पुढे वाकली. "रडतोय."

"नाही, आई. रडत बिडत नाहीये मी," मुलगा म्हणाला.

"रडतोय, आई," सून म्हणाली.

बाईंनी मान डोलावली, आणि मांडीवरच्या ब्लँकेटचं विणून झालेलं टोक उचलून समोर, दोन कानांच्या मधल्या जागेकडे, पुढे केलं.